टीचरांना विचारा: तांबडी जमीन, फिका हिरवा आणि नरकासुराचा हात

चवथीच्या नेवऱ्या डब्याच्या तळाला गेल्या की माझ्याकडे पत्रं वाढतात. कॉलेजात सबमिशनं, वाड्यावर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याची वर्गणी आणि घरोघरी ‘पोराला नवा मोबाईल घ्यावा का’ ही चर्चा, सगळं एकदमच सुरू होतं. यंदाची बरीच पत्रं चित्रं आणि यंत्रं यांच्या मधल्या जागेतली आहेत, त्यातली काही निवडली आहेत. ज्यांनी चित्राचे फोटो पाठवले पण प्रश्नच लिहिला नाही, त्यांना एवढंच सांगते: चित्रं पोचली, आता प्रश्न पाठवा.

टीचर, मी फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोर्टफोलिओसाठी जलरंगातल्या चित्रांचे फोटो मोबाईलवर काढून पाठवायचे आहेत. फोटोत कागद पांढरा न येता गुलाबीसर येतो आणि चित्र वरच्या बाजूला निमुळतं दिसतं. बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) उजेड भरपूर आहे म्हणून फोटो तिथेच काढते. मित्र म्हणतो, चांगला कॅमेरा घेतल्याशिवाय हे सुधारणार नाही. खरं का? — विद्यार्थिनी, बांदोडा

मित्राला सांग, कॅमेऱ्याचे पैसे कागदावर घाल म्हणावं. तू पाठवलेल्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तुमच्या बाल्कांवातल्या जमिनीची एक पट्टी आली आहे: तांबडी, वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी झालेली. गुलाबी रंग तिथून येतो. आभाळाचा उजेड त्या जमिनीवर पडतो, तांबडा होऊन वर उसळतो आणि तुझ्या कागदावर बसतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण ‘कागद पांढरा असतो’ हे आपण धरूनच चालतो. मोबाईलही रंग जुळवायचा प्रयत्न करतो, पण वरून निळसर आणि खालून तांबडा असे दोन उजेड एकाच कागदावर असले की एकाला जुळवताना दुसरा बिघडतो. नीट बघ, तुझ्या फोटोचा खालचा तिसरा भाग वरच्यापेक्षा जास्त गुलाबी आहे.

उपाय फुकटचा आहे. जमिनीवर पांढरी चादर पसर, चित्रापासून निदान दोन हात पुढपर्यंत. घरातली ट्यूब आणि बल्ब बंद कर. अंगात भगवा किंवा लाल टॉप घालून समोर उभी राहू नकोस, तोही रंग फेकतो. ढगाळ सकाळ सगळ्यात चांगली. ऊन असेल तर ते थेट चित्रावर येऊ देऊ नकोस. चित्राच्या शेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची एक पट्टी ठेवूनच फोटो काढ. पुढे रंग सुधारताना ‘हा पांढरा’ असं सांगायला ती कामाला येते, मग ती कापून टाकायची.

आता निमुळतेपणा. तो येतो कारण चित्र उभं आहे आणि तू फोन किंचित तिरका धरतेस. ‘सरळ धर’ असं सांगून कुणाचाही फोन सरळ होत नाही, म्हणून एक जुनी युक्ती सांगते. पावडरच्या डबीतला छोटा सपाट आरसा घे आणि चित्राच्या बरोबर मध्यावर, कागदाला चिकटून धरायला धाकट्या भावाला सांग. फोनच्या पडद्यावर त्या आरशात तुझ्याच फोनची लेन्स दिसली पाहिजे, आणि ती पडद्याच्या बरोबर मध्यावर दिसली पाहिजे. तशी दिसली की फोन आणि कागद एकमेकांना समांतर आहेत. फोन तिथेच ठेव (स्टूल, पुस्तकांची चळत, काहीही), भावाला आरसा घेऊन बाजूला हो म्हण, तीन सेकंदांचा टायमर लाव आणि बटण दाबून हात काढ. फार जवळ जाऊ नकोस, जवळून कडा फुगतात. फोनला जास्त झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापर. नसेल तर थोडं मागं सरकून काढ आणि नंतर काप.

एवढं सगळं करून फोटो व्हॉट्सॅपवर साध्या फोटोसारखा टाकशील तर मेहनत पाण्यात. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके. साध्या पाठवणीत लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे तुझं पूर्ण इम्पीरियल (मोठ्या आकाराच्या कागदावरचं) चित्र छापलं तर सव्वापाच इंचांचं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठव, मग जसाच्या तसा जातो.

मुलगी यंदा बीएफएच्या पहिल्या वर्षाला लागली. तिला आयपॅड आणि पेन्सिल हवी आहे, ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणते. माझं दुकान आहे, एकदम एवढी रक्कम काढणं जमत नाही. पण तिचं शिक्षण अडू नये असंही वाटतं. काय घ्यावं? — एक वडील, डिचोली

सगळ्यांकडे नसतं, हे आधी सांगते. वर्गात दोघांकडे असलं की उरलेल्या घरांत ‘सगळ्यांकडे’ म्हणून पोचतं.

पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका, असं मी म्हणेन. पहिलं वर्ष बहुतेक हातानं करायचं असतं: स्थिरचित्र, स्केचिंग, रंगछटांचे तक्ते, मातीकाम. त्याला पैसे लागतातच. चांगला कागद आणि चांगले ब्रश घेऊन द्या, त्यात कंजुषी करू नका. पुढे ती पेंटिंगकडे जाते की अप्लाइड आर्टकडे (जाहिरात, छपाई, डिझाइन), यावर कुठलं यंत्र लागेल ते ठरतं. पेंटिंगवालीला वर्षभर न उघडलेला आयपॅड धूळ खात पडलेला मी पाहिला आहे.

आयपॅड वाईट नाही. पडद्यावर थेट काढता येतं, बसमध्ये मांडीवर घेऊन काम होतं. पण अप्लाइडच्या मुलांना शेवटी संगणक लागतोच, म्हणून माझा कल आधी साधा लॅपटॉप, आणि त्याला जोडायला बिनपडद्याचा पेन टॅब्लेट याकडे. हा टॅब्लेट पाच हजारांच्या आतही मिळतो. हात खाली पाटीवर आणि नजर वर पडद्यावर, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. काही दिवस कार्टी चिडचिड करेल, मग कधी जमलं ते तिलाही कळणार नाही. यातल्या बऱ्याच टॅब्लेटच्या पेनला बॅटरीही लागत नाही.

लॅपटॉपवाला मात्र तुम्हाला प्रोसेसरच्या नावांत गुंडाळेल. तुम्ही दुकानदार आहात, हिशेबानं बोला. ए-थ्री आकाराचं चित्र छपाईच्या दर्जानं काढायचं तर ते ३५०८ गुणिले ४९६१ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर चित्राच्या एका थराला (लेयरला) सुमारे ७० एमबी लागतात. मुलं सहज चाळीस थर करतात: एकावर रेघ, एकावर सावली, एकावर ‘असंच’. झाले २८०० एमबी, तेही फक्त चित्राचे. संगणकाला स्वतःला लागते ती मेमरी वेगळी. म्हणून ८ जीबी रॅममध्ये काम होतं पण धाप लागते, १६ असेल तर निवांत. एसएसडी (जलद चालणारी डिस्क) असलीच पाहिजे. बाकीच्या झगमगाटाला हो-हो म्हणा आणि सोडून द्या. सॉफ्टवेअरवर खर्च नको. चित्रांना क्रिता, फोटोंना गिम्प, लोगो-अक्षरांना इंकस्केप, त्रिमिती कामाला ब्लेंडर, ही चारही अधिकृतपणे मोफत आहेत. ‘क्रॅक’ केलेली महागडी सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरून फिरतात, ती घरात घेऊ नका. त्यांच्यातून आलेल्या व्हायरसनं तुमच्या दुकानाचे हिशेबही जाऊ शकतात.

खाजन शेतीवर (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतांवर) पोस्टर केलं. पावसातल्या शेतांचा हिरवा पडद्यावर इतका सुंदर आला होता, पण छापून आल्यावर शेवाळ्यासारखा मळका. छापखानेवाला म्हणतो, ‘फाइलच तशी आहे.’ चूक कुणाची? — अप्लाइड आर्टचा विद्यार्थी, मडगाव

कुणाचीच नाही, म्हणून भांडू नकोस. पडदा उजेड देतो, कागद उजेड परत पाठवतो. पडद्यावरचा झळझळीत हिरवा हा थेट डोळ्यात येणारा हिरवा प्रकाश असतो. छापताना तोच हिरवा निळसर-मोरपिशी आणि पिवळी शाई मिसळून तयार करावा लागतो, आणि शाया एकमेकींवर चढल्या की उजेड कमी होतो. तुझा तो हिरवा छपाईच्या चार शायांच्या (मोरपिशी, गुलाबी, पिवळी, काळी) आवाक्यातच नाही. शिवाय हल्लीचे फोन रंग मुद्दाम भडक दाखवतात, त्यामुळे अपेक्षाही फुगलेली असते.

शाळेत शिकवायला लागण्याआधी मी पणजीत छापखान्यात मांडणी करत होते. तिथे भिंगातून छपाई बघायची सवय लागली. तूही एकदा बघ: तुझं शेत म्हणजे मोरपिशी आणि पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसेल, आणि जिथे मळकट वाटतंय तिथे गुलाबी आणि काळे ठिपके घुसलेले असतील. ते काढायचे. फाइल छपाईच्या चार रंगांत बदलून घे, हिरव्यातला काळा आणि गुलाबी शून्याजवळ आण, पिवळा वाढव. मग शेताच्या भोवतीचे रंग खाली उतरव: बांध, मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या दाराचं) लाकूड, आभाळ, सगळं करडं-तपकिरी कर. शेजारी मंद असला की तोच हिरवा उजळ दिसतो. कागद खरखरीत घेतला असशील तर तो शाई पितो. गुळगुळीत लेप असलेला घे. आणि पूर्ण गठ्ठा छापण्याआधी एक प्रत काढून ती खिडकीपाशी बघ, ट्यूबखाली नको.

गोव्यातून मुंबईला गेलेल्या दीनानाथ दलालांची जुनी मुखपृष्ठं मिळाली तर समोर ठेव. ब्लॉकच्या छपाईचा जमाना, हाताशी मोजके रंग. त्या माणसानं हिरवा किती जपून, आणि कशाच्या शेजारी वापरला आहे ते बघ. माझ्या मते रंगांच्या तक्त्यांपेक्षा तिथून जास्त शिकशील.

आमच्या वाड्यावर यंदा हात हलवणारा नरकासुर करायचा ठरलाय. मी आर्ट कॉलेजात आहे म्हणून डिझाइन माझ्यावर टाकलंय. युट्यूबवर बघून अर्डुइनो (मोटर-दिवे चालवणारा छोटा बोर्ड), छोट्या सर्वो मोटर आणि सेन्सर मागवणार आहे, माणूस जवळ आला की डोळे पेटतील आणि तलवारीचा हात उठेल. उंची पंधरा फूट. अजून काय मागवू? — विद्यार्थी, कुंभारजुवे

मागवणं थांबव आधी. तुम्ही माशेलच्या शेजारी राहता. चवथीला तिथले हलते देखावे बघायला अख्खा गोवा लोटतो. असे देखावे करणारी मंडळी तुझ्या ओळखीत निघतील. त्यांच्याकडे एक संध्याकाळ जाऊन बस, युट्यूबपेक्षा जवळ आहे.

त्या निळ्या चिमुकल्या सर्वो मोटरचं वजन नऊ ग्रॅम. तिची ताकद कागदी पक्ष्याचा पंख हलवण्याएवढी. पंधरा फुटी नरकासुराचा हात चार-पाच फुटांचा, त्यावर सुकलेली खळ आणि कागदाचे थर, शेवटी तलवार. ती मोटर कुईं करून जळेल. तुला हवी आहे गाडीच्या वायपरची मोटर. भंगारवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये जुनी मिळते. ती १२ व्होल्टवर चालते, तिच्यात आतच वर्म गिअर असतो, त्यामुळे ती हळू फिरते आणि जोर लावते. काचेवर पाण्याचा मारा झेलत तासन्‌तास चालण्यासाठीच ती केलेली असते.

आता ही मोटर गोल फिरते, आणि हात मात्र वर-खाली व्हायला हवा. हे जमवणारी जोडणी समजून घे, कारण तुझं खरं डिझाइन तेच आहे. मोटरच्या दांड्यावर लोखंडाची एक आखूड पट्टी बसव, समज पाच सेंटिमीटरची. खांद्याच्या सळईवर दुसरी पट्टी, पंधरा सेंटिमीटरची. या दोन्हींची टोकं एका लांब दांडीनं जोड, बोल्ट सैल ठेवून. मोटरवरची पट्टी पूर्ण गोल फिरेल आणि खांद्यावरची साधारण चाळीस अंशांत झुलत राहील. हात जास्त उठायला हवा असेल तर मोटरवरची पट्टी थोडी वाढव, पण ती चारही भागांत सगळ्यात आखूड राहिली पाहिजे. खांद्याच्या पट्टीएवढी केलीस की जोडणी मधेच अडकेल, मोटर तापेल आणि लोक टाळ्या वाजवतील, चुकीच्या कारणासाठी. आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन टेबलावर करून बघ. हे तुझ्या स्केचबुकात यायला हवं. परीक्षकांना दाखवायलाही उपयोगी पडेल.

हात हलका कर. आत बांबूच्या कामट्यांची जाळी, वर कागद. गवत कोंबू नकोस. तरी जड वाटला तर खांद्याच्या मागे, लोकांना दिसणार नाही अशा बाजूला वाळूची पिशवी लटकव, म्हणजे मोटरला हात उचलावा लागत नाही, नुसता ढकलावा लागतो.

सेन्सरचं म्हणशील तर तो घेऊ नकोस. माणसाच्या हालचालीवर चालणारा सेन्सर तुझ्या खोलीत छान चालेल. नरकासुराच्या रात्री समोर शंभर पोरं नाचत असतात, तो एकदा पेटला की विझणारच नाही. त्यापेक्षा मागे एक माणूस बसव, त्याच्या हातात साधा स्विच. ढोल कधी वाढतो, कधी थांबतो, हे त्याला कळतं. तो बरोबर वेळेला हात उठवेल. अर्डुइनो शिकायचंच असेल तर कॉलेजच्या प्रोजेक्टला शिक, तिथे वेळ असतो. डोळ्यांना १२ व्होल्टची एलईडी पट्टी पुरते.

वीज. वाड्यावरच्या कुठल्या तरी काकांना खांबावरून वायर ओढायची कल्पना सुचेल. स्पष्ट नाही म्हण. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी घे. मोटरला तीन-चार अँपिअर लागत असतील तर सलग तासाभरापेक्षा थोडं जास्त चालेल, आणि हात काही सलग हलवायचा नाही. मोटरच्या वायरवर दहा अँपिअरचा फ्यूज टाक. ऑक्टोबरमध्ये एखादी सर येतेच, तेव्हा जोडांवर नुसता कागदी टेप गुंडाळू नकोस, मोटर प्लास्टिकच्या डब्यात घाल. नरकासुर टेम्पोवरून फिरवणार असाल तर टेम्पोची उंची धरून वरच्या तारांचं अंतर दिवसाउजेडी बघून या, तलवार उभी धरून.

आणि हे कागदावर लिहून मंडळाच्या खोलीत चिकटव: पहाटे जाळण्याआधी बॅटरी, मोटर, एलईडी आणि वायर काढायच्या. काढणाऱ्याचं नावही लिही. त्या वेळी सगळे रात्रभर जागून झिंगलेले असतात (झोपेनं म्हणतेय मी), आणि आगीत गेलेली बॅटरी फुटते. म्हणून मोटर आणि बॅटरी पहिल्यापासूनच पाठीकडून दोन बोल्ट काढून सुटतील अशी बसव. ती मोटर पुढल्या वर्षीही चालेल, शिगम्याच्या चित्ररथालाही चालेल.

कावी कलेवर प्रोजेक्ट घेतलाय. रेफरन्स कमी मिळाले म्हणून एका एआय ॲपला कावी शैलीतलं चित्र दे म्हणून सांगितलं. आलेली चित्रं सुंदर आहेत, पण आमच्या आजोबांनी बघून ‘हे कुठल्या देवळातलं?’ असं विचारलं. ही वापरू का? सरांना सांगावं लागेल का? — विद्यार्थिनी, पेडणे

आजोबांना कळलं. तू पाठवलेल्या चार चित्रांपैकी दोन चक्क तांबड्या शाईतली वारली आहेत आणि एकात मधुबनीचे मासे आहेत. ज्या कलेचे फोटो नेटवर ढिगानं आहेत ती त्या ॲपला येते. कावीचे थोडेच आहेत, म्हणून त्यानं शेजारपाजारचं उचलून तांबडं रंगवून दिलं. चित्र गोड दिसतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

मुळात कावी हे रंगवलेलं चित्र नव्हेच, कोरलेलं आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजीचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर देतात, आणि गिलावा ओला असतानाच अणकुचीदार हत्यारानं तो तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणजे रेघेला खोली आहे, कड आहे. वेलीचं वळण घेताना हात कुठे थांबला तेही कधी कधी दिसतं. गोव्यातल्या आणि खाली कारवार-कुमटा भागातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला होती. गिलावे पाडून तैलरंग किंवा टाइल्स लावल्या तशी बरीच गेली.

तेव्हा आजोबांनाच विचार, त्यांच्या लहानपणी कुठल्या देवळाच्या भिंतीवर तांबडं काम होतं. देवस्थानच्या समितीची परवानगी घे, फ्लॅश बंद ठेव, भिंतीला हात लावू नकोस. समोरून फोटो काढलास तर तांबडी-पांढरी नक्षी येईल, खोली येणार नाही. म्हणून दुसरा फोटो असा काढ: मैत्रिणीला मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूनं मारायला सांग. तिरका उजेड पडला की प्रत्येक कोरीव रेघेच्या एका कडेला सावली उभी राहते आणि ओरखडा किती खोल आहे ते कळतं. संध्याकाळी, बाहेरचा उजेड कमी झाल्यावर हे चांगलं होतं. शेजारी सेंटिमीटरची पट्टी धरायला विसरू नकोस, नाहीतर पुढे वेल चार इंचांची होती की चार फुटांची, तुलाच आठवणार नाही.

एआयची चित्रं फेकू नकोस. प्रोजेक्टमध्ये एक पान त्यांना दे: वर ॲपला दिलेली सूचना, खाली आलेलं चित्र, शेजारी खऱ्या भिंतीचा फोटो, आणि काय काय चुकलं ते तुझ्या अक्षरात. सरांना सांगावं लागेल का हा प्रश्न मग उरत नाही. माझं मत विचारशील तर परीक्षक त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतील. शेवटी घरी एका लादीच्या तुकड्यावर चुना आणि हुरमुंजी लावून स्वतः कोरून बघ. चुना डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हातमोजे घाल.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये जाळ्यासारखी बुरशी आली, आणि कपाटातल्या ड्रॉइंगवर तपकिरी ठिपके. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला होता. — विद्यार्थी, वाळपई

तांदूळ भाताला. तो ओल फारशी शोषत नाही, वर पीठ मात्र लेन्सच्या फटीत जातं. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घे, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक ठेव. आकडा ४० ते ५५ टक्क्यांत राहू दे; साठच्या वर सरकायला लागला की पुड्या बदल. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले म्हणजे पोट भरलं त्यांचं. मंद आचेवर जुन्या तव्यात वाळवून परत वापरता येतात. तवा पुन्हा पोळ्यांना घेऊ नकोस, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. लेन्सची बुरशी आत असेल तर स्वतः उघडू नकोस, दुरुस्तीवाल्याकडे दे, आणि तोपर्यंत ती दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नकोस.

ड्रॉइंगचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं आहे का? चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते. कपाट चार बोटं पुढे ओढ. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नकोस, आतली ओल आतच राहते. मधे-मधे बटर पेपर घालून सपाट ठेव आणि पाऊस उघडला की एक दिवस पंख्याखाली हवा दे. उन्हात नको. तपकिरी ठिपके आता जाणार नाहीत. त्यांच्यासकट स्कॅन करून घे, सहाशे डीपीआयला (इंचाला सहाशे ठिपके), म्हणजे निदान आजची अवस्था हातात राहील. आणि गडगडायला लागलं की संगणकाचा प्लग काढ, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

फोन भरला, गुगलचे १५ जीबीही भरले. कॉलेजचं काम कुठे ठेवू? — विद्यार्थिनी, वास्को

आधी वर्गाच्या ग्रुपवर आलेले ‘गुड मॉर्निंग’ काढ, निम्मी जागा तिथेच आहे. मग एक बाहेरची हार्ड डिस्क घे आणि तिची दुसरी प्रत मावशीकडे नाहीतर मैत्रिणीकडे ठेव. दोन्ही प्रती एकाच बॅगेत घालून बसने फिरणारी मुलं मला माहीत आहेत.

मुलगा दिवसभर मोबाईलला चिकटलेला. विचारलं की म्हणतो, ‘आई, प्रोजेक्ट आहे.’ स्टॉप मोशन का काय करतोय. खरं बोलतोय की नाही कसं ओळखू? — एक आई, म्हापसा

स्टॉप मोशन खरंच वेळ खातं हो. एका सेकंदाला बारा फोटो धरले तरी मिनिटभराच्या फिल्मला ७२० फोटो लागतात, आणि प्रत्येक फोटोआधी मातीचं माणूस केसभर सरकवायचं असतं. तेव्हा तो खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. त्याच्या खोलीत जाऊन फोनकडे न बघता टेबलाकडे बघा. फोन स्टँडवर घट्ट बांधलेला असेल, टेबलावर टेपच्या खुणा असतील, खिडकीला जुनी चादर लावून उजेड अडवला असेल, आणि तुम्ही आत पाऊल टाकताच तो ‘आई, हलू नको, सावली पडते!’ म्हणून ओरडला, तर प्रोजेक्ट खरा आहे. दार हळू लावा आणि बाहेर या.

फोन हातात असेल आणि पोरगा आडवा पडलेला असेल, तर त्याला बाजारात पाठवा. कोथिंबीर आणायची आहेच.